यादी कोणाची आणि लग्न कोणाचं?



दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट आहे. माझी भाची चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती. ती मंचरला आठवीत शिकते. येताना वडिलांचा जुना लॅपटॉप घेऊन आली. दुपारची जेवणं झाली होती, मी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो आणि आतून तिचा आवाज आला, "मामा, लवकर ये! नवरी बाथरूममध्ये गेलीये आणि वेळ संपत आलाय!"

मी दचकून आत गेलो. बघतो तर लॅपटॉपच्या पडद्यावर लग्न चाललेलं. फुलांची कमान, खुर्च्या, पाहुणे, केक, सगळं होतं. फक्त नवरा-नवरी जागेवर नव्हते. नवरी बाथरूममध्ये, नवरदेव पोहण्याच्या तलावाशेजारी उभ्या उभ्या पेंगत होता आणि अर्धे पाहुणे टीव्ही बघत बसले होते. वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ संपलं आणि पडद्यावर निकाल आला. लग्न फसलं! ब्राँझसुद्धा मिळालं नाही.

मला आधी हसू आलं. मग वाटलं, हे तर आपल्याकडच्याच एखाद्या मंगल कार्यालयात बघितल्यासारखं वाटतंय. पुढच्या चार दिवसांत या खेळावरून आमच्या घरात बरंच बोलणं झालं, आणि शाळा उघडल्यावर मी त्यातलं थोडं माझ्या चौथीच्या वर्गात नेलं. आज त्याबद्दलच लिहितोय.

खेळ आहे तरी काय?

या खेळाचं नाव 'द सिम्स 4'. या मालिकेतला पहिला खेळ 2000 साली आला. तो करणारे विल राइट हे अमेरिकेतले. 1991 मध्ये ओकलंडच्या मोठ्या आगीत त्यांचं घर जळालं. घर पुन्हा उभं करताना, माणसाला जगायला नेमकं काय काय लागतं, हा विचार त्यांच्या डोक्यात घोळला आणि त्यातून हा खेळ पुढे आला असं सांगतात. चौथा भाग 2014 साली आला आणि ऑक्टोबर 2022 पासून मूळ खेळ फुकट मिळतो. म्हणून तो आता आपल्याकडच्या मुलांपर्यंतही पोचतोय.

हा मारामारीचा किंवा शर्यतीचा खेळ नाही. तुम्ही एक माणूस तयार करायचा, त्याला घर बांधून द्यायचं, कामाला लावायचं, शेजाऱ्यांशी ओळख करून द्यायची. त्या माणसाला भूक, झोप, आंघोळ, शौचालय, करमणूक आणि लोकांशी बोलणं या सहा गरजा असतात. त्यातली एखादी फार वेळ राहिली की माणूस तुमचं ऐकत नाही. आपल्या आजी-आईंच्या पिढीने भातुकलीत जे केलं, तेच हे. फक्त भातुकलीतली बाहुली कधी "मला भूक लागलीये" म्हणून मांडवातून उठून गेली नाही!

यात लग्न हा एक ठरवून करायचा कार्यक्रम आहे. फोनवरून तो ठरवायचा, नवरा-नवरी निवडायचे, पाहुण्यांना बोलवायचं, जागा निवडायची, हवा तर आचारी लावायचा. मग खेळ तुम्हाला कामांची एक यादी देतो. कमानीखाली लग्न लागलं पाहिजे, केक झाला पाहिजे, पाहुण्यांशी बोललं पाहिजे, अशा धर्तीची कामं असतात. दिलेल्या वेळेत जेवढी कामं पुरी होतील त्यावर ब्राँझ, सिल्व्हर किंवा गोल्ड ठरतं. म्हणजे लग्न यशस्वी झालं की नाही, हे यादी ठरवते.

ही 'यादी' लक्षात ठेवा. पुढे तिच्यावरच बोलायचं आहे.

पहिलं फसलं, दुसरं जमलं

भाची रुसून बसली होती. मी म्हटलं, "अगं, आपण कागद-पेन घेऊन बसू. कुठे चुकलं ते लिहून काढू." आधी तिने तोंड वाकडं केलं. सुट्टीतही मामा मास्तरच! पण बसली. तिनेच पाच चुका काढल्या:

1. जागा फार मोठी घेतली. कमान एका टोकाला, जेवण दुसऱ्या टोकाला. सगळा वेळ चालण्यातच गेला.
2. नवरा-नवरीला आदल्या रात्री झोपवलं नाही, खाऊ घातलं नाही. म्हणून ऐन वेळी एक पेंगला आणि दुसरी उठून गेली.
3. जागेत टीव्ही आणि तलाव होता. पाहुण्यांचं लक्ष तिकडे.
4. बोलवता येतील तेवढे सगळे पाहुणे बोलावले. त्यातल्या निम्म्यांशी नवरा-नवरीची ओळखच नव्हती.
5. मुख्य काम शेवटी ठेवलं. आधी गप्पा, मग जेवण, मग लग्न. तोवर वेळ संपला.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा मांडणी केली. लहान जागा घेतली, खुर्च्या कमानीच्या समोर लावल्या. टीव्ही काढून टाकला. ओळखीचे आठच पाहुणे बोलावले. आचारी लावला. शौचालय जवळ आहे ना, हे दोनदा बघितलं. नवरा-नवरीला झोपवून, आंघोळ घालून, जेवू घालून मगच कार्यक्रम सुरू केला. आणि पाहुणे आल्याबरोबर पहिलं काम लग्नाचं केलं, बाकी सगळं नंतर. गोल्ड मिळालं!

शिक्षक म्हणून मला गोल्डपेक्षा तो कागद महत्त्वाचा वाटला. नियोजन, क्रम, वेळेचा अंदाज, चूक शोधणं आणि पुन्हा करून बघणं, हेच तर आपण वर्षभर शिकवायला धडपडतो. तिने ते एका दुपारी स्वतःहून केलं, कारण तिला त्यात गोडी होती.

2022 मध्ये याच खेळात लग्नासाठी वेगळा विकतचा भाग आला. त्यात आपल्या करवलीसारखी नवरीची पाठराखी मैत्रीणही नेमता येते. पण सुरुवातीला त्यात पाहुणे जागेवर बसत नाहीत, सांगितलेलं ऐकत नाहीत, अशी जगभरच्या खेळणाऱ्यांनी ओरड केली आणि कंपनीला दुरुस्त्या कराव्या लागल्या. हे ऐकून आमची आई म्हणाली, "मंग आपल्यासारखंच हाय की. पाव्हणं कुठं ऐकत्यात?"

आबांना विचारलेला प्रश्न

गोल्ड मिळाल्यावर भाची लॅपटॉप घेऊन माझ्या वडिलांकडे गेली. त्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो. त्यांना सगळं लग्न दाखवलं. आबांनी कौतुकाने बघितलं आणि विचारलं, "पैसं किती गेलं गं?" ती म्हणाली, "पैशाचं काय, एक कोड टाकला की पन्नास हजार येतात." खेळात 'मदरलोड' नावाची एक युक्ती आहे, ती लिहिली की खात्यात पन्नास हजार जमा होतात. पुन्हा लिहिली की पुन्हा पन्नास हजार.

आबा हसले. "आमच्या येळेला असं बटन नव्हतं, पोरी."

आणि मग तिने सहज विचारलं, "आबा, आईच्या लग्नाला गोल्ड मिळालं असतं का?"

घरात एकदम शांत झालं. ताईचं लग्न 2009 च्या मे महिन्यातलं. मी तेव्हा डी.एड.ला होतो. मला सगळं आठवतं. मुहूर्त 12 वाजून 20 मिनिटांचा होता. अक्षता पडल्या पावणेदोनला. कारण एक पुढारी यायचे होते, ते आले, मग त्यांचा सत्कार, मग त्यांच्याबरोबर आलेल्यांचे सत्कार, मग आशीर्वादाची भाषणं. जुन्नर-आंबेगावात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मांडवात उन्हाने लहान पोरं रडत होती. ताई शालूत घामाने भिजली होती, सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. मी मामांच्या शेजारी उभा होतो. ते हातातला अंतरपाट बघत म्हणाले, "पोरगी चक्कर येऊन पडंल."

आठशे पान जेवलं. बँड होता, घोडा होता, मानपानाचे टॉवेल-टोपी, साड्या, भांडी, सगळं 'यादी'प्रमाणे. आपल्याकडे बैठकीत दोन्हीकडची माणसं बसून यादी लिहितात, हळद-कुंकू लावतात आणि खाली सह्या होतात. कोणी काय करायचं, कोणी काय द्यायचं, ते त्यात असतं. ताईच्या सासरची माणसं चांगली आहेत, आजही आमचं येणं-जाणं घरच्यासारखं आहे. त्यांनी काही अडून मागितलं नव्हतं. पण गावात जशी चालते तशी यादी झाली. कोणी तरी म्हणालं, अमक्याच्या पोरीला हे दिलं. मग तेही लिहिलं.

त्या यादीसाठी आबांनी दोन लाखांचं कर्ज काढलं. ते फिटायला सात वर्षं लागली. मधल्या काळात दोन दुभत्या गाई विकल्या. टोमॅटोला भाव आला त्या वर्षी थोडं जास्त फेडलं, पडला त्या वर्षी नुसतं व्याज भरलं.

हे सगळं आबांनी भाचीला सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, "गोल्ड मिळालं आसंल. पर समदं येळंत नाय झालं."

मग भाची जे बोलली ते मला अजून आठवतं. ती म्हणाली, "आबा, यात ना यादी बंद पण करता येते. कार्यक्रम ठरवतानाच विचारतात, कामं हवीत का नकोत. नको म्हटलं तरी लग्न लागतं. तुम्ही का नाही बंद केली?"

हे खरं आहे. खेळात ध्येयांची यादी नको असेल तर ती काढून टाकायची सोय आहे. पदक मिळत नाही, पण लग्न लागतं, पाहुणे येतात, केक कापतात.

आबा थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "बंद करता येती हे आमाला कुनी सांगितलंच नाय. आमाला वाटायचं, यादी मोडली तर नाव जाईल."

यादी बदलता येते, हे आपल्याच मातीत घडलंय

आबांचं उत्तर माझ्या मनातून जात नव्हतं. कारण यादी बंद करणारी माणसं आपल्याच तालुक्यात होऊन गेली आहेत आणि आपण ते मुलांना फारसं सांगत नाही.

महात्मा फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. पुरोहिताशिवाय, कमी खर्चात, वधूवरांनी एकमेकांना वचनं देऊन. पुढे 1887 मध्ये फुल्यांनी अशा लग्नांचा विधी आणि स्वतः रचलेली मंगलाष्टकं पुस्तकरूपाने दिली. त्यात नवरीलाही बोलायला जागा आहे, ती नवऱ्याकडे हक्क मागते.

आणि हे लोण आपल्या जुन्नर तालुक्यात ओतूरला आलं. 1880 च्या दशकात ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटील यांनी घरची लग्नं या पद्धतीने लावली. गावच्या जोशांनी आपला हक्क बुडाला म्हणून दावा लावला आणि हे भांडण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं. विचार करा, कोणत्या रीतीने लग्न लावायचं हे ठरवण्यासाठी एका गावातल्या माणसाला कोर्टाची पायरी चढावी लागली. प्रश्न तोच होता, भाचीने विचारलेला. यादी कोणाची?

दुसरं उदाहरण तर आपण सगळ्यांनीच अनुभवलंय. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल 2021 मध्ये, सरकारने लग्नाला नियम घातला. जास्तीत जास्त 25 माणसं, एकच कार्यक्रम आणि दोन तासांच्या आत. मोडला तर 50 हजार दंड. बघा, अगदी खेळातल्यासारखंच. ठरलेले पाहुणे, ठरलेला वेळ. त्या काळात कितीतरी लग्नं घराच्या ओट्यावर, शेतातल्या घरापुढे लागली. ती लग्नं काही कमी लागली का? त्या जोडप्यांचे संसार आज सुरळीत चाललेले आपण बघतोच. आपल्याकडे पूर्वीपासून 'यादी पे शादी' आहेच. यादी करायला बसले आणि त्याच दिवशी अक्षता टाकून मोकळे झाले. असं केलेल्यांचं नाव गेलेलं मी तरी पाहिलं नाही.

माझं म्हणणं नीट समजून घ्या. मी थाटाच्या लग्नाच्या विरोधात नाही. लग्न हा आनंद आहे. बँडवाले, मांडववाले, आचारी, फुलवाले यांची घरं त्यावर चालतात. आपल्याकडच्या लग्नातली आमटी-भात, लापशी मलाही आवडते. ज्याला झेपतं त्याने जरूर करावं. माझा विरोध आहे तो न विचारता स्वीकारलेल्या यादीला. आपण आठशे माणसं का बोलवतोय? हे आपल्याला हवंय की लोकांना? उन्हात उभी असलेली नवरी जेवली का? हे प्रश्न विचारायची सवय लहानपणी लागली तरच मोठेपणी विचारले जातील.

वर्गात काय केलं?

सुट्टी संपली, तुळशीचं लग्न झालं. हा काळ मला बरा वाटला, कारण तुळशीच्या लग्नात मुलं घरी ऊस, बोरं, चिंचा, अक्षता सगळं बघून आलेली असतात. अंगणातलं ते छोटं लग्न घरच्या घरी, कमी खर्चात आणि आनंदात लागतं, हे त्यांनी नुकतंच पाहिलेलं असतं.

चौथीच्या वर्गात मी लॅपटॉप नेला नाही. हा खेळ त्या वयासाठी नाहीही. आम्ही बाहुला-बाहुलीचं लग्न ठरवलं. उपक्रम असा होता:

साहित्य: चिंध्यांच्या बाहुल्या (मुलींनी आणि मुलांनी, दोघांनीही केलेल्या), प्रत्येक गटाला 100 चिंचोके, फळ्यावर दरपत्रक.

दरपत्रक: मांडव 20 चिंचोके, बँड 30, हार 5, फोटो 10, जेवण दर पाहुण्याला 2.

नियम: लग्न दोन तासांत पुरं झालं पाहिजे. चिंचोके कमी पडले तर सरांकडून उसने मिळतील, पण 10 घेतले तर पुढच्या शनिवारी 12 परत करायचे.

पहिलं काम होतं यादी करणं. मी काहीच सुचवलं नाही. चार गट केले. एका गटाने 15 पाहुणे बोलावले आणि बँड घेतला नाही, "आम्हीच गाणी म्हणू" म्हणाले. मांडव 20, हार 5, जेवण 30, फोटो 10, म्हणजे 65 चिंचोके. त्यांचे 35 उरले. एका गटाने 40 पाहुणे बोलावून सगळंच घेतलं. 20, 30, 5, 10 आणि जेवणाचे 80, मिळून 145. त्यांनी 50 उसने घेतले.

लग्न शनिवारी लागलं. ताटल्या वाजवून बँड झाला, मोठा दंगा झाला. खरी मजा पुढच्या शनिवारी आली. मी प्रत्येक गटाला 'घरखर्चाला' म्हणून 40 चिंचोके दिले आणि उसने घेतलेल्यांकडे परतफेड मागितली. त्या गटाकडे मागच्या आठवड्यातले 5 आणि हे 40, असे 45 होते. फेडायचे होते 60. म्हणजे सगळे देऊनही 15 बाकी, आणि घरखर्चाला हातात काहीच नाही.

वर्ग गप्प झाला. एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, आमच्याकडं पण असंच झालंय." मी त्याला पुढे काही विचारलं नाही. शिक्षक मित्रांनो, हा उपक्रम घेताना एवढी काळजी नक्की घ्या. कोणाच्या घरचं लग्न, कोणाचं कर्ज, कोणी काय दिलं, हे वर्गात विचारायचं नाही. बाहुल्यांपुरतंच बोलायचं. मुलं आपोआप जे समजायचं ते समजतात. तसंच, वर्गात वेगवेगळ्या समाजांची मुलं असतात. माझ्या वर्गात महादेव कोळी, ठाकर, मराठा, मुस्लिम अशी सगळी मुलं आहेत. प्रत्येक घरची लग्नाची रीत वेगळी. एका गटाने निकाह लावला. कोणती रीत बरोबर हे आपण ठरवायचं नाही.

यातून काय काय झालं ते थोडक्यात:

• गणित: बेरीज, वजाबाकी, दराने हिशोब, वेळेचं नियोजन, उसने आणि परतफेड.
• भाषा: लग्नपत्रिका लिहिणं, पाहुण्याला निमंत्रण देणं, आभार मानणं.
• परिसर अभ्यास: कुटुंब, नाती, सण, आपल्या गावातले व्यवसाय.

मोठ्या वर्गात असाल तर खेळातल्या घड्याळाचं गणितही घालता येईल. खेळात एक मिनिट म्हणजे आपलं साधारण एक सेकंद. मग खेळातला एक तास म्हणजे आपलं किती? पूर्ण दिवस किती मिनिटांचा? भाचीला हे विचारलं तर तिने लगेच सांगितलं, 24 मिनिटं.

एका मुलीची यादी

आता एक गोष्ट सांगून संपवतो.

यादी करताना मी मुलांना म्हटलं होतं, लग्नाआधी काय काय व्हायला हवं तेही लिहा. बहुतेकांनी साखरपुडा, हळद, कपडे लिहिलं. एका मुलीने पहिल्याच ओळीत लिहिलं, "बाहुलीची बारावी झाली पाहिजे."

मी विचारलं, असं का लिहिलंस? ती म्हणाली, "ताईला शिकायचंय म्हणून."

मी त्या संध्याकाळी तिच्या घरी गेलो. चहा झाला. ताई अकरावीला होती, 17 वर्षांची. स्थळ आलं होतं, मुलगा चांगला होता, जमीन होती, आणि घरात यादीचं बोलणं सुरू झालं होतं. मी वडिलांना कायदा सांगितला. मुलीला 18 आणि मुलाला 21 पूर्ण असल्याशिवाय लग्न लावता येत नाही, 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने तो गुन्हा आहे, आणि गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. पण खरं सांगायचं तर नुसत्या कायद्याने ते हलले नसते. मी त्यांना त्यांच्या धाकट्या लेकीचा कागद दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "गुरुजी, ही चौथीतली हाय. हिला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. तिने तिची यादी केली."

पुढे काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. सध्या एवढंच की स्थळाला थांबायला सांगितलंय आणि ताई कॉलेजला जातेय. मी अधूनमधून चौकशी करतो. आपल्यापैकी कोणासमोर असा प्रसंग आला आणि घरचे ऐकत नसतील तर 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर लक्षात ठेवा.

योगायोग बघा, त्या खेळातही अल्पवयीन पात्राचं लग्न लावता येत नाही. तसा पर्यायच समोर येत नाही. एका करमणुकीच्या खेळाला जे कळतं ते आपल्याला कळायला काय हरकत आहे?

पालकांसाठी दोन शब्द

"सर, मग मुलांना हा खेळ द्यायचा का?" असं काही पालक विचारतील. माझं उत्तर असं आहे. युरोपात हा खेळ 12 वर्षांवरच्यांसाठी आणि अमेरिकेत 13 वर्षांवरच्यांसाठी धरलाय, त्यात प्रेमाचे वगैरे प्रसंग येतात. त्यामुळे प्राथमिकच्या मुलांना नको. मोठ्या मुलांनी खेळला तर वेळ ठरवून द्या. मूळ खेळ फुकट असला तरी जोड-भाग विकत असतात, तेव्हा तुमचं कार्ड जोडलेलं नाही ना ते बघा. आणि एकदा तरी शेजारी बसा. "हे का केलंस?" एवढंच विचारा.

कारण त्या खेळात एक मोठी उणीव आहे आणि ती घरच्यांनीच भरून काढायची आहे. त्यात युक्ती लिहिली की पन्नास हजार येतात. सात वर्षं फेडायचं कर्ज त्यात नाही. विकलेल्या गाई नाहीत. लग्नानंतर "आमचा मान केला नाही" म्हणून रुसलेले पाहुणेही नाहीत. पैसा कुठून येतो आणि कसा फिटतो, हे मुलांना आपणच सांगायला हवं. लपवून ठेवलं तर त्यांना आयुष्यभर वाटेल की कुठेतरी 'मदरलोड' आहे.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी भाचीने तिसरं लग्न लावलं. यादी बंद ठेवून. पाहुणे सहा. मला म्हणाली, "मामा, यात मामाला उभं राहायला जागाच नाहीये. तुला कुठे उभा करू?" मग तिने माझ्यासारखा एक चष्मेवाला माणूस तयार केला आणि नवरीशेजारच्या खुर्चीवर बसवला. लग्न लागलं. पदक मिळालं नाही.

आबा शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "हे बरं झालं बघ. येळंत झालं."

तुमच्या शाळेत बाहुलीच्या लग्नाचा असा काही उपक्रम घेतला असेल, किंवा माझं म्हणणं पटलं नसेल, तर जरूर कळवा. आणि पुढच्या वेळी घरात यादी करायला बसाल तेव्हा एक जागा घरातल्या लेकरांनाही द्या. त्यांना काय हवंय, ते एकदा विचारा.